मराठवाड्यातले कलावंत आणि त्यांचे पोटापाण्याचे गणित

गोदातीर (परभणी)

आमच्या भागात डॉक्टर होण्याची वाट सगळ्यांना पाठ आहे. आठवी-नववीपासून कोणती शिकवणी लावायची, अकरावीला लातुरात खोली घ्यायची की नांदेडात, परीक्षा कधी असते, किती गुणांवर कोणते महाविद्यालय मिळते, हे सेलू-जिंतूरच्या बस स्थानकावर चहा पिणारा कोणताही पालक सांगेल. त्याच पालकाच्या मुलीने नाटक करायचे आहे किंवा चित्रपटाचे संकलन शिकायचे आहे असे म्हटले, की घर गप्प होते. माझ्या पाहण्यात हे गप्प होणे दरवेळी विरोधाचे नसते. पुष्कळदा आईवडिलांची तयारी असते. पण पुढची पायरी कोणती, पहिली काही वर्षे खायचे काय आणि चाळिशीत हातात काय असेल, याचे उत्तर गावात कोणाकडेच नसते. त्यासाठी हा चर्चेचा धागा काढतो आहे.

कलावंतांवरचे गौरवलेख आपण खूप वाचतो. त्यांत सुरुवातीला गरिबी असते आणि लगेच पुरस्कार असतो. मधली वर्षे, ज्यांतून एखाद्या विद्यार्थ्याला खरोखर काही घेता येईल, ती गळालेली असतात. मराठवाड्यातल्या ज्या वाटा मला नीट दिसतात, त्या मी इथे मांडतो.

पहिले नाव अर्थात कवी ना. धों. महानोरांचे. 1942 मध्ये सोयगाव तालुक्यातल्या पळसखेड्यात जन्म. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून ते गावी शेतीकडे परतले. 1967 मध्ये 'रानातल्या कविता' आला आणि त्यानंतर 10 वर्षांनी, 1977 मध्ये, 'जैत रे जैत'ची गाणी महाराष्ट्रभर पोचली. पुढे 'सर्जा', 'एक होता विदूषक' असे चित्रपट झाले, विधान परिषदेवर नियुक्ती झाली, 1991 मध्ये पद्मश्री मिळाली. या सगळ्या काळात पळसखेड्याची शेती चालूच होती, आणि ती कवितेला शोभा म्हणून ठेवलेली शेती नव्हती. पाणी अडवणे, फळबागा, सीताफळाची लागवड यांवर त्यांनी शेतकऱ्याच्या नात्याने काम केले आणि लिहिले. चित्रपटाच्या गाण्यांवर घर चालवण्याची वेळ त्यांनी स्वतःवर येऊ दिली नाही, आणि माझ्या मते त्यांच्या गाण्यांचा कस शेवटपर्यंत टिकण्यामागे हे एक मोठे कारण आहे. मागणी आली म्हणून लिहिणे आणि आतून आले म्हणून लिहिणे यांत निवड करण्याची मोकळीक ज्याच्याकडे असते, त्याच्या लेखणीवर कोणाचा दाब राहत नाही.

दुसरे प्रा. लक्ष्मण देशपांडे. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग त्यांनी 1979 मध्ये सुरू केला. एकटा माणूस 52 पात्रे उभी करतो, आणि तीही मराठवाड्याच्या बोलीत. या प्रयोगाची दखल गिनीज बुकानेही घेतली. देशपांडे सर मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवत होते, विभागप्रमुख होते. म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार होता आणि त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे रोज नाटकाशी संबंध होता. एकपात्रीला नेपथ्य कमी लागते, नटसंच लागत नाही, तालुक्याच्या गावी एका गाडीत प्रयोग जातो. आपल्या भागात नाटकाचा खर्च उचलणारा निर्माता नव्हता, तेव्हा निर्मात्याशिवाय उभा राहणारा प्रकार त्यांनी निवडला. ही निवड कलेची होती तितकीच व्यवहाराचीही होती, असे मला वाटते.

तिसरी वाट एका गटाची आहे. तेव्हाच्या औरंगाबादेत 'जिगीषा' ही हौशी संस्था उभी राहिली. चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शन करत, प्रशांत दळवी लिहीत, प्रतीक्षा लोणकर यांच्यासारख्या अभिनेत्री त्यात होत्या. ही मंडळी मुंबईला गेली ती गट म्हणून. 1991 मध्ये 'चारचौघी' व्यावसायिक रंगमंचावर आले आणि गाजले. 2022 मध्ये नव्या संचात तेच नाटक त्याच दिग्दर्शकाने पुन्हा उभे केले. एकट्याने मुंबई गाठणाऱ्या मुलाला तिथे आधी ओळख मिळवावी लागते आणि मग काम. यांच्याकडे लेखक, दिग्दर्शक आणि नट घरचेच होते. त्यामुळे दुसऱ्याने संधी देण्याची वाट पाहत बसण्यात त्यांची वर्षे गेली नाहीत.

चौथी वाट मला सगळ्यांत जवळची आहे, कारण ती खेड्यातून निघते. घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ हे गाव आपण रामदास स्वामींचे जन्मगाव म्हणून ओळखतो. तिथले राजकुमार तांगडे शेतकरी आहेत आणि नाटककार आहेत. विजेच्या प्रश्नावरचे 'आकडा' त्यांनी लिहिले आणि 2012 मध्ये 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आले. संकल्पना व संगीत संभाजी भगत यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे, आणि रंगमंचावर बहुतेक जालना जिल्ह्यातली शेती करणारी पोरे. ते नाटक पुण्या-मुंबईत हाउसफुल्ल चालले. त्याच नाटकातले कैलास वाघमारे पुढे चित्रपटांत गेले आणि 2020 च्या 'तान्हाजी'मध्ये अवघ्या देशाने त्यांना पाहिले. पण त्याआधी ही मंडळी किती वर्षे गावच्या पारावर, शाळेच्या मैदानात आणि स्पर्धांच्या केंद्रांवर नाटके करत होती, हे फारसे कोणी लिहीत नाही.

या चारही ठिकाणी मला एकच गोष्ट दिसते. घर चालवणारे दुसरे काम, किंवा एकमेकांना धरून ठेवणारा गट, यांपैकी एक तरी त्यांच्याकडे भक्कम होते, आणि ते त्यांनी सुरुवातीलाच उभे केले. नोकरी-शेती सोडून कलेसाठी सगळे पणाला लावण्याच्या कथा आपल्या पोरांना सांगणे आपण थांबवले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्यापैकी जे या क्षेत्रांत आहेत, त्यांनी मधल्या वर्षांविषयी लिहावे, ही विनंती.

सातवाहन (पैठण, सध्या छत्रपती संभाजीनगर)

गोदातीर, मांडणी पटली, पण एका ठिकाणी अडखळलो. देशपांडे सरांची वाट आज कोणाला मोकळी आहे? नाट्यशास्त्र किंवा संगीत विषयाच्या पूर्णवेळ जागा निघायला वर्षानुवर्षे लागतात. माझ्या ओळखीतले, प्राध्यापकपदाच्या नेट-सेट या पात्रता परीक्षा झालेले अनेक जण तासिका तत्त्वावर शिकवतात. त्यांना सुट्टीच्या महिन्यांत मानधन नसते आणि पुढच्या वर्षी तास मिळतील की नाही हे जूनमध्ये कळते. नाट्यशास्त्र विभागाने मराठवाड्याला दिलेले कलावंत मोजायला बसलो तर दिवस पुरणार नाही. परंतु त्या विभागातून शिकून त्याच ठिकाणी नोकरी, हा मार्ग आता जवळपास बंद आहे. तेव्हा आजच्या मुलाने 'दुसरे काम' म्हणून काय धरायचे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

दुसरा मुद्दा एकपात्रीचा. माजलगावचे संदीप पाठक आज 'वऱ्हाड' करतात आणि गर्दी होते. सरांनी मराठवाडी बोलीला रंगमंचावर जो मान मिळवून दिला, त्यावर आज अनेकांचे घर चालते आहे. मकरंद अनासपुरे यांची बोली चित्रपटात नायकाची बोली म्हणून चालली, त्याआधी ती नोकराच्या किंवा गावंढळ पात्राच्या तोंडी असायची. हा फरक पडायला किती तरी वर्षांचे काम खर्ची पडले आहे. त्यामुळे तरुणांना माझे सांगणे असते की पुण्यात गेल्यावर पहिल्या महिन्यात आपली बोली धुऊन टाकू नका. प्रमाण भाषा जरूर शिका, निवड-चाचणीत दोन्ही लागतात.

रंगपेटी (नांदेड)

दुसऱ्या कामाविषयी मी माझ्या अनुभवातून लिहितो. माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवत. एनॅमल रंग, चपटा कुंचला, खडूने आखलेल्या रेघा आणि त्यावर एका हातात उतरणारे देवनागरी अक्षर. फ्लेक्स आल्यावर हे काम फार थोड्या अवधीत संपले, आणि वडिलांच्या पिढीतले बहुतेक पेंटर रंगकामाच्या मजुरीवर गेले. मी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या दोन्ही परीक्षा दिल्या, पुढे एटीडी ही कला शिक्षकाची पदविका केली आणि एका खासगी शाळेत चित्रकला शिक्षक झालो. पगार तुटपुंजा होता, पण दुपारनंतरचा वेळ माझा होता, आणि त्या वेळेत मी पुस्तकांची मुखपृष्ठे आणि अक्षररचना करू लागलो. आपल्याकडे प्रकाशन व्यवसाय आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. छत्रपती संभाजीनगरला साकेतसारखे मोठे प्रकाशन आहे, शिवाय लहान प्रकाशक तालुक्यातालुक्यांत आहेत, दिवाळी अंक आहेत. मुखपृष्ठाचे काम थोड्या पैशांचे असते, परंतु त्यावर आपले नाव छापून येते आणि पुढचे काम त्या नावाने येते.

ज्यांचे हस्ताक्षर आणि अक्षराची जाण चांगली आहे, त्यांनी फॉन्ट बनवण्याच्या क्षेत्राकडे अवश्य पाहावे. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने केलेले 'मुक्ता' आणि 'बालू' हे देवनागरी फॉन्ट आज कोणीही मोफत वापरू शकतो, आणि बातम्यांच्या संकेतस्थळांपासून लग्नपत्रिकांपर्यंत अशा फॉन्टची गरज आहे. एका देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरे धरून शेकडो आकार काढावे लागतात, प्रत्येकाची जाडी आणि मधली जागा जुळवावी लागते. हे काम चिकाटीचे आहे आणि पाटी रंगवणाऱ्या माणसाच्या डोळ्याला त्यातले निम्मे आधीच येत असते. वडिलांनी 'क्ष' कसा तोलून धरला होता, ते मी आजही जुन्या पाट्यांची छायाचित्रे काढून पाहतो आणि त्यावरून शिकतो.

पालकांसाठी एवढेच सांगतो की राज्य शासनाची कला महाविद्यालये आहेत, मुंबई, नागपूर आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरला. पदवीच्या प्रवेशासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. शासकीय शुल्क खासगी संस्थांच्या मानाने बरेच कमी आहे. इंटरमिजिएटची परीक्षा दहावीच्या आधीच देऊन ठेवावी. पुढे चित्रकलेकडे जायचे नसले तरी तिचा उपयोग होतो.

लातूरची लेक (मुंबई)

मी चित्रपट आणि मालिकांच्या संकलनात साहाय्यक म्हणून काम करते. बाहेरून हे क्षेत्र झगमगीत वाटते, म्हणून रोजचे काम काय असते ते लिहिते. चित्रीकरणाचा माल आला की त्याच्या प्रती काढून ठेवायच्या, आवाज आणि चित्र जुळवायचे, प्रत्येक दृश्याच्या प्रत्येक टेकला नाव द्यायचे, दिग्दर्शकाने कोणता टेक पसंत केला ते नोंदवायचे, आणि संकलकाने खोलीत पाऊल ठेवण्यापूर्वी हे सारे तयार ठेवायचे. संकलन संपले की ध्वनी आणि रंगसंगतीच्या विभागांना योग्य स्वरूपात सगळे द्यायचे. यात चूक झाली तर पुढच्या सगळ्यांचा खोळंबा होतो. कलेचा निर्णय घेण्याची संधी पुष्कळ उशिरा मिळते. पण संकलकाच्या मागे बसून एखादे दृश्य आठ वेगवेगळ्या रीतींनी कापलेले पाहणे, हे शिक्षण कोणत्याही वर्गात मिळत नाही, असे मी मनापासून सांगते.

पैशांविषयी स्पष्ट लिहिते, कारण याच ठिकाणी आपली मुले फसतात. पहिले काम अनेकदा विनामोबदला किंवा फक्त प्रवासखर्चावर करायला सांगतात. माझे एका मालिकेचे पैसे कित्येक महिने अडकले होते, आणि ते मिळाले ते केवळ कामाच्या अटी मेलवर लिहून घेतल्या होत्या म्हणून. तोंडी बोलणे झाले की त्याच दिवशी 'आपले असे ठरले आहे' एवढा दोन ओळींचा मेल पाठवावा. समोरचा चांगला असेल तर त्याला राग येत नाही. मुंबईत सुरुवातीला मी लातूरच्याच तिघींबरोबर खोली घेऊन राहिले. त्यांतली एक बँकेत होती आणि तिच्या नियमित पगारावर आमचे भाडे वेळेवर जात असे. गोदातीर म्हणतात तो गट नाटकाचाच असावा लागतो असे नाही.

लातूरकरांना एक खास गोष्ट सांगते. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंयोजनाच्या अभ्यासक्रमाला पदवीबरोबरच बारावीला भौतिकशास्त्र असावे लागते. आपल्याकडे दरवर्षी किती तरी मुले भौतिकशास्त्र उत्तम करतात, वैद्यकीयला थोड्या गुणांनी हुकतात आणि वर्षामागून वर्षे पुन्हा तीच परीक्षा देत राहतात. त्यांतल्या ज्यांना संगीताचा कान आहे, त्यांना या अभ्यासक्रमाचे नावसुद्धा कोणी सांगितलेले नसते. संकलन, छायालेखन, दिग्दर्शन यांसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. म्हणून बारावीनंतर घरातून पळून मुंबईला येऊ नका, आधी पदवी घ्या, ही माझी हात जोडून विनंती आहे.

खड्डामाग (पैठण)

धाग्यावर नाटक-चित्रपटच चालले आहे, म्हणून आमच्या धंद्याचेही लिहितो. पैठणी विणणे ही नक्षीकाम करणाऱ्याची कला आहे, हे आमच्या लोकांनाही पटवून द्यावे लागते. खऱ्या हातमागावरच्या पैठणीत पदरावरचा मोर, असावली, कमळ, हे सारे रंगीत रेशमाच्या लहान लहान कांड्या हाताने फिरवून विणले जाते. म्हणून तिची उलटी बाजू सुलट बाजूइतकीच स्वच्छ असते. यंत्रावरच्या साडीला मागे सुटे धागे लोंबतात. पदर भरगच्च असला तर एका साडीला कित्येक महिने लागतात. 2010 मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी ग्राहकाला फरक ओळखता येत नाही तोवर त्याचा विणकराला उपयोग मर्यादित आहे.

या धंद्यातही पायऱ्या आहेत. आधी दुसऱ्याच्या मागावर नगावर मजुरी; रेशीम, जर आणि नक्षी व्यापाऱ्याची. मग स्वतःचा माग. त्यानंतर स्वतःची नक्षी, म्हणजे चौकटीच्या कागदावर आपण आखलेला पदर. या तिसऱ्या पायरीवर फार थोडे पोचतात, आणि खरा पैसा तिथेच आहे. माझ्या भावकीतल्या एका मुलीने कला महाविद्यालयात वस्त्रकलेचे शिक्षण घेतले आणि परत मागावर बसली. अजिंठ्याच्या छतावरच्या वेलबुट्टीचे नमुने तिने कागदावर उतरवले, साडी विणत असतानाची चित्रफीत ती मोबाइलवर टाकते, आणि पुण्या-मुंबईचे ग्राहक थेट तिच्याकडे नोंदणी करतात. मधला व्यापारी गेला तसे उत्पन्न तर वाढलेच, शिवाय तिला स्वतःच्या नक्षीची किंमत स्वतः ठरवता येऊ लागली. घरच्यांनी तिला शिकायला पाठवताना 'मागावर बसायचे तर शिकायचे कशाला' असेच म्हटले होते. आज धाकट्या भावाला तेच शिकायला पाठवत आहेत.

हिमरूविषयी कोणी जाणकार असेल तर लिहावे. रेशीम आणि सुताची ती वीण छत्रपती संभाजीनगरची ओळख होती आणि आता तिचे हातमाग फार थोडे उरले आहेत.

हिंगोलीकर (हिंगोली)

लोककलांचा उल्लेख झाल्याशिवाय मराठवाड्याची गोष्ट पुरी होत नाही. परभणीचे राजारामभाऊ कदम यांनी गोंधळ देवीच्या अंगणातून सभागृहात नेला. सिल्लोड तालुक्यातले निरंजन भाकरे यांचा 'बुरगुंडा' ज्यांनी ऐकला आहे, त्यांना नाथांचे भारूड आजच्या माणसाला कसे भिडते हे वेगळे सांगायला नको. करोनाच्या काळात, 2021 मध्ये, ते गेले. व्यसनमुक्ती, स्वच्छता अशा विषयांवर भारूड बांधून त्यांनी शासनाच्या मोहिमांचे कार्यक्रम केले. जत्रा आणि सप्ताह यांपलीकडे लोककलावंताला काम मिळवून देणारी ही मोठी वाट आहे, आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. विषय दुसऱ्याने दिला तरी लोकांना धरून ठेवण्याची ताकद कलावंताचीच लागते.

आकाशवाणीचे श्रेय मात्र कोणी देत नाही, म्हणून मी देतो. परभणी आणि छत्रपती संभाजीनगर या केंद्रांवर आवाज-चाचणी देऊन श्रेणी मिळाली की वर्षातून ठरावीक कार्यक्रम मिळतात. पैसे थोडे, पण श्रेणीचा कागद पुढे शिकवण्या, महोत्सव, शाळा अशा सगळीकडे चालतो. नैमित्तिक उद्घोषक म्हणून माझ्या माहितीतल्या किती तरी मुलामुलींनी तिथे आवाज घडवला आणि आज त्यांतले काही ध्वनिपुस्तके वाचतात. स्टोरीटेल भारतात आले ते 2017 मध्ये, मराठी धरूनच. त्यानंतर आवाजाच्या कामाला नवी बाजारपेठ मिळाली. बोलीतल्या कथा वाचायला बोलीचा माणूस लागतो, आणि इथे आपल्या पोरांना पुण्याच्या पोरांवर वरचढ ठरण्याची संधी आहे.

म्हाताऱ्या कलावंतांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे. वयाची 50 वर्षे पूर्ण झालेल्यांना अर्ज करता येतो. कागदपत्रे जमवताना कार्यक्रमांची पत्रके, कात्रणे, प्रमाणपत्रे मागतात आणि आपले वाघ्या-मुरळी, गोंधळी नेमके तिथेच अडतात, कारण आयुष्यभर कोणी कागद जपलेला नसतो. तरुणांनी आपल्या गावातल्या एका तरी कलावंताची ही फाइल बनवून द्यावी.

पडद्यामागचा (बीड)

मी गीते आणि मालिकांचे संवाद लिहितो. महानोरांचा उल्लेख झाला म्हणून हक्कांविषयी लिहिणे गरजेचे वाटते. 2012 मध्ये प्रतिमुद्राधिकार (कॉपीराइट) कायद्यात दुरुस्ती झाली. त्याआधी गीतकार एकरकमी पैसे घेऊन सगळे हक्क लिहून देत असे आणि गाणे पुढे वर्षानुवर्षे वाजले तरी त्याला काही मिळत नसे. दुरुस्तीनंतर, चित्रपटगृहाबाहेर गाणे जिथे जिथे वापरले जाते, तिथल्या मानधनात गीतकार व संगीतकाराचा समान वाटा राहतो आणि तो वारसांना किंवा संबंधित संस्थेला सोडून कोणालाही कायमचा लिहून देता येत नाही. त्यासाठी गीतकार-संगीतकारांचे हे मानधन गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सभासद होऊन आपले प्रत्येक गाणे तिथे नोंदवावे लागते. आपल्याकडचे किती तरी लोकगीतकार, ज्यांची गाणी डीजेवर गावोगाव वाजतात, त्यांनी ही नोंदणी केलेली नाही. हा त्यांचा हक्काचा पैसा आहे.

पटकथा किंवा कथा कोणाला वाचायला देण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवावी. हे काम ऑनलाइन होते, बीडमध्ये बसून होते.

सातवाहन यांनी विचारले की आज दुसरे काम कोणते धरावे. माझे उत्तर असे, की ते कलेच्या शेजारचे असावे आणि त्यात वेळ आपल्या हातात राहावा. आसाराम लोमटे परभणीत राहून पत्रकारिता करतात आणि 2016 मध्ये त्यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला साहित्य अकादमी मिळाली. त्यांच्या कथांमधले गाव वार्ताहराच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे, हे वाचताना जाणवते. दिवसभर माणसांत फिरवणारी नोकरी लेखकाला पोसते. माणसाला पिळून काढणारी, रात्री घरी आल्यावर शब्द सुचू न देणारी नोकरी पगार जास्त असला तरी घेऊ नये.

जिंतूरची आई (जिंतूर)

सगळे वाचले. माझी मुलगी यंदा बारावीला आहे, कथक शिकते आणि तिला नाटकातही रस आहे. तिच्या वडिलांचे म्हणणे आहे की आधी पदवी, मग पाहू. मुलीला वाटते की तोवर उशीर होईल. दोघांचेही म्हणणे मला खोटे वाटत नाही. कोणी अनुभवी सांगाल का, की तीन वर्षे वाया न घालवता पदवी कशी करावी?

गोदातीर (परभणी)

ताई, पदवीची वर्षे या क्षेत्रात वाया जात नाहीत, उलट ती लागतातच. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा मुख्य अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते, आणि प्रवेशासाठी पदवीबरोबर नाटकांत प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव मागतात. म्हणजे पदवीच्या काळात मुलीने किती नाटके केली, हे तिथे पाहिले जाते. तेव्हा महाविद्यालय निवडताना गुणवत्ता यादीबरोबर हेही विचारा, की तिथला संघ विद्यापीठाच्या युवक महोत्सवाला जातो का, एकांकिका बसवतो का, राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रावर त्या महाविद्यालयाची मुले दिसतात का. संघ जिवंत असेल तर महाविद्यालय लहान असले तरी चालेल.

कथकविषयी सांगायचे तर छत्रपती संभाजीनगरला एमजीएम या शिक्षणसंस्थेच्या परिसरात महागामी हे गुरुकुल 1996 पासून आहे. पार्वती दत्ता तिथे कथक आणि ओडिसी शिकवतात. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने 'संगीतरत्नाकर' लिहिणाऱ्या शारंगदेवाच्या नावाने तिथे महोत्सवही होतो. मुलीला घेऊन एकदा तो महोत्सव पाहून या. प्रवेशाचा निर्णय नंतर करता येईल, पण ज्यांनी आयुष्य नृत्याला दिले आहे अशी माणसे तिने जवळून पाहणे आवश्यक आहे.

लातूरची लेक (मुंबई)

जिंतूरच्या ताई, वडिलांची काळजी आणि मुलीची घाई एकाच वेळी सांभाळता येते. शहरातल्या महाविद्यालयात पदवीला प्रवेश, राहायला वसतिगृह, सकाळी महाविद्यालय आणि संध्याकाळी नृत्य-नाटक, असे आमच्या बरोबरीच्या अनेकींनी केले आहे. समाजकल्याण विभागाची आणि इतर शासकीय वसतिगृहे आहेत. त्यांचे अर्ज निकालानंतर लगेच सुरू होतात आणि मुदत थोडी असते, म्हणून जातीचा, उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. आणखी एक, ती जे काही करेल त्याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवायला सांगा. प्रयोगाचे पत्रक, तारीख, भूमिका, दिग्दर्शकाचे नाव, शक्य असेल तर चित्रफीत. हिंगोलीकरांनी म्हाताऱ्या कलावंतांच्या फाइलविषयी लिहिले आहे. तीच फाइल अठराव्या वर्षी सुरू केली तर पुढे प्रत्येक प्रवेश-मुलाखतीत कामाला येते.

जिंतूरची आई (जिंतूर)

मनापासून आभार. दाखल्यांचे काम या आठवड्यातच करते. तिचे बाबाही आत्ता शेजारी बसून हे वाचत आहेत आणि त्यांनी विचारले आहे, की युवक महोत्सवाला महाविद्यालयाचा संघ जातो की नाही हे प्रवेशाआधी खात्रीने कोणाला विचारायचे?

सातवाहन (पैठण, सध्या छत्रपती संभाजीनगर)

प्रत्येक महाविद्यालयात सांस्कृतिक विभागाचे एक प्राध्यापक नेमलेले असतात, त्यांनाच भेटा, आणि मागच्या वर्षी संघात असलेल्या एका विद्यार्थिनीशी मुलीचे बोलणे करून द्या असे सांगा. शहरात आल्यावर निरोप द्या, मी दोन-तीन महाविद्यालयांत तुमच्याबरोबर येतो.